हेर प्योंटेक खिडकी उघडतात

नोर्बर्ट प्योंटेकला माणसं फारशी आवडत नसत, आणि बंद खोलीत बसलेली माणसं तर अजिबात नाही. सकाळी संस्थेच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत शिरला की कोट काढायच्या आधी तो खिडकीकडे जाई. हीटरची चावी बंद, खिडकी सताड, दार सताड. मग त्या आरपार वाऱ्यात दोन्ही हात पाठीमागे बांधून तो उभा राही आणि आदल्या दिवशीची माणसं वासरूपाने बाहेर जाताना बघे. धुकं असो, गारठा असो, अंगणात बर्फाचा चिखल असो. एवढं झालं की हात धुवायचे आणि कामाला लागायचं. रोज सकाळी देवपूजा करणारी माणसं जगात आहेत हे त्याला मान्य होतं. आपण त्यांच्यातले नाही, अशी त्याची समजूत होती.

त्या प्रयोगशाळेचा दुसरा अर्धा भाग डॉक्टर रोझविटा श्टाइगलेडर यांचा. बाई दक्षिणेकडच्या, श्वाबेनच्या. तिकडची माणसं जिना झाडायच्या पाळ्या लावतात आणि त्या पाळतातही. बाईंना मान होती. म्हणजे ती सगळ्यांनाच असते, पण बाईंची मान वाऱ्याच्या एका झुळकीने आखडे आणि मग आठवडाभर आखडलेलीच राही. वळायचं तर सगळं धड वळवून वळायचं. त्यामुळे समोरच्याला वाटे, बाई आपल्यावर चाल करून येताहेत. प्योंटेकच्या बाबतीत ते बहुधा खरं असे.

"हेर प्योंटेक, वारा लागतोय."

"हवा म्हणतात तिला, फ्राउ श्टाइगलेडर. तुमच्याकडे बाटलीत भरून विकतात वाटतं?"

"आमच्याकडे उघडलेली खिडकी लावायला शिकवतात."

"आणि आमच्याकडे श्वास घ्यायला."

मग बाई उठत आणि खिडकी लावत. अर्थात तोवर त्याचं काम झालेलं असे. अशी चौदा वर्षं झाली होती. एक खोली, एक लेसर आणि दोन शत्रू. खात्यात बाकी सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारत, अरे-तुरे करत. या दोघांचं 'हेर' म्हणजे श्रीयुत, 'फ्राउ' म्हणजे श्रीमती आणि 'तुम्ही' मात्र पहिल्या दिवशी होतं तसंच कडक राहिलं. दोघंही एकमेकांना पाण्यात पाहत, आणि एकमेकांचे शोधनिबंध चुका काढण्यासाठी का होईना, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. एवढे मन लावून वाचणारे वाचक दोघांनाही दुसरे नव्हते.

खिडकीचं वेड प्योंटेकच्या घराण्यातलं. त्याचा बाप वाने-आइकेलच्या कोळशाच्या खाणीत हवेचा मुकादम होता. जमिनीखाली हजार मीटरवर बोगद्याबोगद्यांतून हवा खेळती आहे की नाही हे बघायचं, कुठलं दार उघडं आणि कुठलं बंद ठेवायचं ते ठरवायचं, हे त्याचं काम. थांबलेली हवा माणसं मारते हे बापाने पुस्तकात वाचलेलं नव्हतं, त्याने ती माणसं वर आणली होती. घरी आई रोज सकाळी पिसांच्या गाद्या खिडकीच्या कठड्यावर टाकी, आणि ज्या बाईच्या गाद्या नऊपर्यंत बाहेर दिसल्या नाहीत तिच्या घरी एकतर कोणी मेलंय किंवा ती बाई तसलीच आहे, असं गल्लीचं मत होतं. खाण बंद पडली, बापाची फुप्फुसं निकामी झाली, परसातली शर्यतीची कबुतरं विकली गेली. खिडकी उघडणं तेवढं राहिलं.

घराण्यात विद्यापीठाचं तोंड बघितलेला नोर्बर्ट पहिलाच. आपण काय करतो हे त्याने बापाला एकदाच सांगून पाहिलं होतं.

"अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रथिन आहे, त्याची हालचाल मोजतो."

"हलतं ते?"

"हलतं. त्याला जबडा असतो, बाबा. जंतूंचं कवच चावायला. तो सारखा उघडतो, मिटतो. अख्खंच डुलत असतं ते."

"कोंबडीला माहितीय का हे?"

"नाही."

"आणि तुला पगार देतात?"

"देतात."

बाप बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "माझी ना नाही," आणि हा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

बापाला जे सांगितलं नाही ते असं. रेडिओच्या लहरी आणि शेकोटीची ऊब यांच्या मधोमध किरणांचा एक पट्टा आहे, त्याला टेराहर्ट्झ म्हणतात. तो किरण प्रथिनाच्या स्फटिकातून पाठवला की रेणूच्या त्या डुलण्यात त्याचा काही भाग जिरतो. किती जिरला, कुठे जिरला, यावरून प्रथिन सैल आहे की ताठ हे कळतं. अडचण एकच. पाणी या किरणाला घटाघट पिऊन टाकतं. हवेतली वाफ पिते, प्रयोग करणाऱ्याचा उच्छ्वास पितो. म्हणून सगळी मांडणी पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत ठेवायची, पेटीत कोरडा नायट्रोजन सोडत राहायचा, आणि आर्द्रतामापकाच्या पडद्यावर 'कमी' अशी अक्षरं उमटली की मोजायला घ्यायचं. किती कमी ते तो मापक सांगत नसे. एका मर्यादेखाली गेला की तो नुसतंच 'कमी' म्हणे, आणि प्योंटेकचा त्याच्यावर विश्वास होता. माणसांपैकी इतका विश्वास त्याने कोणावर टाकला नव्हता.

प्योंटेकची पद्धत ठरलेली. प्रथिनाच्या जबड्यात नेमकी अडकून बसेल अशी एक साखर असते. संध्याकाळी एक स्फटिक त्या साखरेच्या पाण्यात टाकून घरी जायचं. रात्रभरात साखर मुरते. सकाळी आल्यावर पहिलं माप त्या साखरवाल्या स्फटिकाचं. मग 'माल्त्साइट' म्हणत सगळ्यांनी जेवायला जायचं, कारण दुपारी या देशात माणसं एकमेकांना भेटली की 'नमस्कार' न म्हणता 'जेवण' असंच म्हणतात. आणि जेवून आल्यावर दुसरं माप, मोकळ्या जबड्याच्या स्फटिकाचं. दोन मापांतला फरक काढायचा. साखरवाला स्फटिक नेहमी कमी किरण पिई. म्हणजे साखर अडकली की प्रथिन ताठ होतं. औषधं शरीरात जाऊन नेमकी अशीच चिकटतात, तेव्हा औषध चिकटलं की प्रथिन ताठ होतं, असं प्योंटेकने बारा वर्षांपूर्वी छापलं. या विषयावर भांडू शकणारी जगात शे-दीडशे माणसं असतील, त्यांनी ते मान्य केलं. 'प्योंटेकचा ताठरपणा' असं त्याला म्हणू लागले. त्याला ओळखणाऱ्यांना या नावात वेगळं काही सांगितलंय असं वाटलं नाही.

एकदा जुलैत मोजलं तेव्हा मात्र उलटंच आलं होतं. साखरवालं प्रथिन जास्त सैल. त्या आठवड्यात गडगडाटी पावसाने लेसरही नीट चालत नव्हता, म्हणून ती मापं त्याने फेकून दिली आणि पुन्हा उन्हाळ्यात मोजलं नाही. तसाही जुलै-ऑगस्टमध्ये कामावर येणारा माणूस या देशात संशयास्पद ठरतो.

यंदा पानगळ संपता संपता त्याला नियतकालिकाकडून पत्र आलं. दूर देशातल्या एका गटाने त्याचा प्रयोग पुन्हा केला होता आणि त्यांना ताठरपणा मिळाला नव्हता. त्यांचा अंदाज सौम्य शब्दांत होता: हेर प्योंटेक यांनी मोजलं ते बहुधा पाणी असावं. ईस्टर संपेपर्यंत त्यांनी उत्तर द्यावं, नाहीतर निबंध मागे घ्यावा. पुढच्या शरद ऋतूत तो निवृत्त होणार होता. मागे राहणार होती ती एक गोष्ट, आणि ती पाणी आहे असं कोणीतरी म्हणत होतं.

टेराहर्ट्झवाल्याला 'तू पाणी मोजलंस' म्हणणं म्हणजे दूधवाल्याला तेच म्हणण्यासारखं. प्योंटेक पत्र घेऊन थेट बाईंच्या टेबलाशी गेला.

"हे तुम्ही पेरलंत."

बाईंनी सगळं धड वळवलं. पत्र वाचलं. "मी पेरलं असतं तर शुद्धलेखन बरं असतं."

"मागच्या परिषदेत तुम्ही त्यांच्यासोबत जेवत होतात. मी पाहिलंय."

"जेवत होते. वाऱ्यापासून लांब ती एकच खुर्ची होती."

"आणि काय बोललात?"

"तुमच्याबद्दल? जेवताना?" बाई म्हणाल्या. "मला पचनाचा त्रास नाहीये, हेर प्योंटेक. तो मला ओढवून घ्यायचा नाही. पण विचारताच आहात तर सांगते. सकाळच्या मापातून दुपारचं माप वजा करणाऱ्या माणसाने पाण्याबद्दल एवढं तोऱ्यात बोलू नये. मी एकच स्फटिक घेते, फिरत्या मंचावर ठेवते आणि गोल फिरवते. हवा तीच, पेटी तीच. बदलते ती फक्त स्फटिकाची बाजू."

"तुमचा पाळणा."

"मंच."

"जत्रेतला पाळणा. गोल गोल फिरून काही कळत असतं तर मळमळ झालेला प्रत्येक माणूस शास्त्रज्ञ झाला असता."

बाई पुन्हा समोर वळल्या. त्यांच्या पाठीकडे बघताना प्योंटेकला जाणवलं की तो संवाद आपण जिंकलाय आणि आपल्याला बरं वाटत नाहीये.

उत्तर देण्यासाठी नव्याने मोजायला हवं होतं, पण मध्येच गुडघा आडवा आला. शस्त्रक्रिया झाली, आणि मग विम्यावाल्यांनी त्याला डोंगरातल्या एका आरोग्यधामात पाठवून दिलं. तिथे त्याच्यासारखेच गुडघे असलेली माणसं बंद खोलीत गोलाकार बसून पाय वर-खाली करत होती. दुसऱ्याच दिवशी त्याने खिडकीवरून व्यायामाच्या बाईंशी भांडण काढलं. बायकोला, गेर्लिंडेला, फोनवर म्हणाला, "इथे माणसं गुदमरून मरताहेत."

"गुडघ्यावाले?"

"सगळेच."

"तुझ्याशिवाय कोणी तक्रार केलीय?"

"त्यांच्यात तेवढा श्वास उरलेला नाही."

तो परत आला तेव्हा ईस्टर तोंडावर होता. सकाळी कोटासकट खिडकीशी गेला, मूठ वळवली, ओढली. खिडकी हलली नाही. चौकटीला चारही कोपऱ्यांत नवे कोरे स्क्रू चमकत होते.

बुडनिक हा इमारतीचा रखवालदार. किल्ल्या, दिवे, नळ आणि तक्रारी त्याच्याकडे. तो आपल्या खोलीत कांदा घातलेला कच्चा खिमा पावावर लावून खात बसला होता.

"माझ्या खिडकीला स्क्रू कोणी मारले?"

"मी, हेर डॉक्टर."

"का?"

"अर्ज आला. धोका आहे म्हणून."

"कसला धोका? तळमजला आहे! पडलं तर माणूस गुलाबांत पडेल!"

"मानेला धोका, असं होतं अर्जात," बुडनिक म्हणाला. घास गिळून पुढे म्हणाला, "वैद्यकीय दाखला जोडलेला. दाखला असला की मी मारतो स्क्रू. तुम्ही दाखला आणा, मी काढतो. माझं काही नाही."

प्योंटेकला दाखला आणायला वेळ नव्हता. आधी माप, मग बाईंची खांडोळी, असा त्याने क्रम लावला. त्या शिळ्या, उबट, चौदा माणसांनी वापरून झाल्यासारख्या हवेत नाक मुठीत धरून तो कामाला लागला. सकाळी साखरवाला स्फटिक, जेवणानंतर मोकळा. वजाबाकी केली. पडद्यावर सरळ आडवी रेघ आली. फरकच नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवे स्फटिक घेतले. तीच रेघ. तिसऱ्या दिवशी पेटीची रबरी किनार बदलली, नायट्रोजनची नळी बदलली, मापकाची बॅटरीसुद्धा बदलली. मापक म्हणाला 'कमी', रेघ आडवीच राहिली. बारा वर्षं ज्याला आपलं नाव होतं ते तिथे नव्हतं.

त्याने विचार केला, आणि विचाराचं उत्तर नेहमीप्रमाणे शेजारच्या टेबलाशी बसलेलं होतं.

"काय केलंत?" तो बाईंच्या समोर जाऊन उभा राहिला. आवाज इतका चढला होता की व्हरांड्यातून जाणारे दोघे विद्यार्थी चालायचे थांबले आणि मग शहाण्यासारखे वेगाने चालू लागले. "मी नसताना माझ्या मांडणीला हात लावलात. काय केलंत ते सांगा. आरसा हलवलात? स्फटिकांत काही मिसळलंत?"

"मी तुमच्या मांडणीजवळ जात नाही. तिथे वारा असतो."

"खोटं!"

"शब्द जपून वापरा."

"चौदा वर्षं जपून वापरले! आता मी जायच्या वेळी तुम्हाला हे सुचलं. माझ्या पाठीमागे काहीतरी बदललंत तुम्ही. बदललंय. मोजून सांगतो, बदललंय!"

"बदललं ना," बाई म्हणाल्या. "एकच गोष्ट बदलली. अर्ज करून, दाखला जोडून, रखवालदाराकडून. खिडकी."

आणि मग त्या दोघांच्या चेहऱ्यांवर, वेगवेगळ्या गतीने, एकच गोष्ट उमटली. बाईंच्या चेहऱ्यावर आधी. बाईंनी सगळं धड न वळवता नुसती मान खिडकीकडे वळवली.

प्योंटेक आपल्या जागेवर जाऊन बसला.  त्याने मनात सगळं ओळीने लावलं. हिवाळ्यातली बाहेरची हवा थंड असते, आणि थंड हवेत वाफ मावत नाही. सकाळी खिडकी उघडली की खोली कोरडी होते. स्फटिक ठेवायला पेटीचं झाकण उघडायचं, खोलीतली हवा आत जाते, नायट्रोजन तिला बाहेर ढकलतो, पण शेवटचा अंश राहतोच. मापक त्यालाही 'कमी' म्हणतो, कारण त्याला त्याहून खालचं वाचता येत नाही. सकाळी तो अंश कोरडा. जेवणानंतर खोलीत माणसं, ओले कोट, कॉफीचं यंत्र, श्टाइगलेडरबाईंचा संताप. तो अंश ओला. सकाळी साखरवाला, दुपारी मोकळा. मोकळा जास्त किरण पितो, कारण पिणारा तो स्फटिक नव्हताच, हवेतली वाफ होती. आणि जुलैत बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली, म्हणून जुलैत सगळं उलटं. आणि खिडकी बंद असली की सकाळ-दुपार हवा सारखीच, म्हणून आता आडवी रेघ.

साथीच्या त्या हिवाळ्यात सरकारी हुकूमच निघाला होता की खोल्या सारख्या उघडा. सरकारला आपलं म्हणणं पटायला एक महामारी लागली, असं तेव्हा तो म्हणाला होता. हुकुमाच्या जोरावर सकाळची खिडकी तासभर उघडी राही आणि जेवणानंतर बाई ती घट्ट लावत; त्या वर्षी ताठरपणा कधी नव्हता इतका ठळक आला होता. त्याने तो भाषणात दाखवला होता, मोठ्या अक्षरांत. खिडकी कुठल्या निबंधात लिहिली नव्हती. कोण लिहितं? पाय पुसून आत आलो, असं कोणी लिहितं का?

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी त्याने माळ्यावरून स्क्रू काढायच्या पेचकसांचं पाकीट उतरवलं. गेर्लिंडे अंडी उकडत होती.

"आज संस्थेत?"

"आज तिथे कोणी नसतं."

"मग काय करणार?"

"खिडकी उघडणार."

"त्यासाठी घरात चार आहेत," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुढचा टोमणा गिळला. चाळीस वर्षांच्या संसारात तिने असं क्वचितच केलं होतं, त्यामुळे प्योंटेकला आणखीच अस्वस्थ वाटलं.

चार स्क्रू निघाले. खिडकी करकरत उघडली, आत मार्चची कोरडी, बोचरी हवा आली, आणि तो आपोआप हात पाठीमागे बांधून उभा राहिला. मग नेहमीसारखं मोजलं. सकाळी साखरवाला. जेवणाच्या वेळी खिडकी लावली, हीटर सोडला, कॉफीचं यंत्र तीनदा चालवलं, आणि मोकळा. वजाबाकी. रेघ उठून उभी राहिली. बारा वर्षांपूर्वीची, तीच, सुबक, ताठ.

"छान आलीय," मागून आवाज आला.

श्टाइगलेडरबाई दारात होत्या, लोकरीचा रुमाल हनुवटीपर्यंत गुंडाळून. "मी माझे स्फटिक बघायला आले होते. सुट्टीतही ते सुकतात. अंगणातून खिडकी उघडी दिसली होती, तेव्हापासून मान दुखतेय."

प्योंटेकने पडदा झाकला नाही.

"पाठवा की," बाई म्हणाल्या. "आलेख हाताशी आहे. 'पुन्हा मोजलं, पुन्हा तेच आलं.' यात एक शब्द खोटा नाही. तिकडच्या लोकांना काय कळणार? त्यांच्याकडे खिडक्या उघडतच नसतील."

"तुम्ही सांगाल त्यांना."

"सांगेन. आनंदाने."

"मग प्रश्न मिटला."

"नाही मिटला. मी आज आलेच नसते तर?"

 याचं उत्तर प्योंटेकला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेली गोष्ट ठामपणे सांगायची हौस त्याची त्या आठवड्यात फिटली होती. मग तो म्हणाला, "तुमचा मंच लागेल मला."

"पाळणा."

"मंच."

"ऐकू नाही आलं. वारा लागलाय ना, कानातही गेलाय."

"तुमचा फिरता मंच," प्योंटेक एकेक शब्द वेगळा काढून म्हणाला, "मला वापरायला द्यावा, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. साखर अडकल्यावर प्रथिनात काहीतरी बदलतं. बदलायलाच हवं. तुमच्या पद्धतीत हवा कापली जाते. ती कापून खाली काही उरतं का, बघायचंय."

"मिळेल. दोन अटी. खिडकीचे स्क्रू आत्ता परत लावायचे."

"लावतो."

"आणि निबंध मागे घेतल्याचं पत्र आधी जाईल. माप नंतर."

"हे उलटं आहे! आधी माप. काही उरलं तर मी दुरुस्ती लिहीन, सगळंच मागे कशाला?"

"म्हणूनच आधी पत्र. उरलं तर तुम्ही त्याला दुरुस्ती म्हणाल, नाही उरलं तर लेसर बिघडला म्हणाल. मी तुम्हाला चौदा वर्षं वाचतेय, हेर प्योंटेक. सगळे निबंध. तळटीपांसकट."

हे खरं होतं, आणि त्याचा राग येऊनही त्याला ते खोडता आलं नाही. तो संगणकासमोर बसला. बाई मागे उभ्या राहिल्या. कोणी मागे उभं राहिलेलं त्याला लिहिताना चालत नसे, पण आज त्याच्या चालण्या-न चालण्याचा दिवस नव्हता. त्याने लिहिलं की मिळालेला फरक हा हवेतल्या वाफेचा होता, प्रथिनाचा नव्हता, कारण प्रस्तुत लेखकाने रोज सकाळी पहिल्या मापाआधी खिडकी उघडली.

"'खिडकी उघडली' असं शास्त्रीय लिखाणात लिहीत नाहीत," बाई म्हणाल्या. "'खोलीतील आर्द्रतेवर पुरेसं नियंत्रण नव्हतं,' असं लिहा."

"नियंत्रण होतं. मी उघडायचो. खिडकी उघडली, असंच जाईल."

"हसतील."

"हसू देत. वाचतील तरी."

बाईंनी खांदे उडवले, आणि ते उडवल्याबद्दल मान चोळली. पत्र गेलं. एक कळ दाबल्यावर बारा वर्षं जातात, त्याचा आवाजही होत नाही. प्योंटेक उठला, पाकीट घेतलं आणि चारही स्क्रू आपल्या हाताने आवळले. शेवटचा जरा जास्तच.

मग त्यांनी मंच लावला. बोलणं कामापुरतं आणि तेही तुटक. "डावीकडे." "माझ्या डावीकडे की तुमच्या?" "स्फटिकाच्या." आधी मोकळा स्फटिक, थोडाथोडा फिरवत, गोल पूर्ण होईपर्यंत. मग साखरवाला. खोलीत चांगलंच उबलं होतं. प्योंटेकच्या कपाळावर घाम होता आणि त्याने एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही.

दोन आलेख शेजारी शेजारी आले. उंची दोन्हींची जवळजवळ सारखी. ताठरपणा नव्हता, कुठेच नव्हता. तो खरंच पाणी होता. पण मोकळ्या स्फटिकाचा आलेख जिथे फुगत होता, तिथे साखरवाल्याचा खाली बसला होता, आणि दुसऱ्याच एका बाजूला वर आला होता. किरण तेवढाच जिरत होता, पण स्फटिक वेगळ्या दिशेने धरला की.

प्योंटेक पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याचं नाक लागायचं बाकी राहिलं.

"ताठ होत नाही ते," तो म्हणाला. "डुलायची दिशा बदलतं. जबडा अडकला की दुसरीकडून डुलतं."

"किंवा स्फटिक बसवताना वाकडा बसला."

"तुम्हीच बसवलात."

"म्हणूनच म्हणतेय. मला माझा हात माहितीय."

"किंवा मंच सैल आहे."

"माझा मंच सैल नाही."

"ठरवा मग. स्फटिक वाकडा, की मंच सैल, की हे खरं आहे. तिन्हीपैकी काहीतरी एक असणार."

बाईंनी दोन्ही आलेख पुन्हा पहिल्यापासून तपासले.  "एका स्फटिकावर मी कशावरच विश्वास ठेवत नाही," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि तुम्ही मोजलेल्यावर तर नाहीच. नवा काढा. पहिल्यापासून."

प्योंटेकने नवा स्फटिक काढला आणि श्वास रोखून चिमट्यात धरला. श्टाइगलेडरबाई कॉफी आणायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एकच कप होता, त्यांचा स्वतःचा.